कळणे (वृत्तपत्रीय प्रयोग)

कळणे (वृत्तपत्रीय प्रयोग) : मराठी वृत्तपत्रांत, विशेषतः एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, बातमीच्या आरंभी किंवा अखेरीस योजले जाणारे क्रियापद. ‘आम्हांस असे कळते की’, ‘असे कळते’, ‘खात्रीलायक रीतीने कळते’ ही त्याची रूढ रूपे होत. जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांतील ‘वुई लर्न’ या शब्दप्रयोगाशी त्याचे निकटचे नाते आहे. ‘लर्न’ या नित्य परिचयाच्या इंग्रजी क्रियापदाचा शाळेत शिकविला जाणारा अर्थ ‘शिकणे’ असा असला, तरी वृत्तपत्रांत त्याचा अर्थ ‘दुसऱ्याकडून माहिती होणे’ असाच असे. बातमी संपादकाने स्वतः पाहिलेली नाही, ती कोणाकडून तरी आली आहे आणि तो कोण हे सांगण्याची त्याची इच्छा किंवा तयारी नाही, या तीन गोष्टी हे एकच क्रियापद सुचविते. त्यामुळे ते केवळ शैलीचा अलंकार न राहता बातमीच्या विश्वसनीयतेचे माप, बातमी देणाऱ्याचे कवच आणि संपादकाच्या जबाबदारीची सीमारेषा अशा तिहेरी नात्याने वृत्तपत्रीय भाषेत स्थिरावले. त्याने माप म्हणून केलेले काम मोलाचे ठरले. कवच म्हणून मात्र ते कायद्यापुढे फारसे टिकले नाही.

व्याकरणिक रचना : ‘कळणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. ज्याला ज्ञान होते तो वाक्यात चतुर्थी विभक्तीत येतो (‘मला कळले’, ‘सरकारास कळले’) आणि जे ज्ञात होते ते प्रथमेत राहून क्रियापदाचे लिंगवचन ठरविते (‘मला बातमी कळली’, ‘मला वर्तमान कळले’). इंग्रजी ‘वुई लर्न’ या रचनेत जाणणारा हा कर्ता असतो. मराठीत तो बातमीचा केवळ स्वीकार करणारा ठरतो. शिवाय चतुर्थीतील हे पद गाळले, तरी मराठी वाक्याला बाध येत नाही. ‘असे कळते’ एवढ्याने वाक्य पूर्ण होते आणि कोणाला कळते, कोणाकडून कळते, हे दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहतात. इंग्रजीत असे करावयाचे झाल्यास वाक्य कर्मणी करावे लागते. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत ‘इट इज लर्न्ट’ ही रचना रूढ झाली, ती या दृष्टीने मराठी व अन्य भारतीय भाषांतील रचनेच्या जवळ जाणारी आहे.

क्रियापदाचा काळही लक्षणीय आहे. ‘कळले’ या भूतकाळी रूपाने कळण्याचा एक विशिष्ट प्रसंग सूचित होतो. म्हणून ‘केव्हा कळले, कसे कळले’ असा पुढचा प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. ‘कळते’ या वर्तमानकाळी रूपात असा प्रसंग नसतो. माहिती येत आहे, ती अजून पुरी झालेली नाही, उद्या तिच्यात फरक पडू शकेल, अशी त्याची ध्वनी-छटा आहे. वृत्तपत्रांनी ‘कळले’ऐवजी बहुधा ‘कळते’ पसंत केले, याचे कारण या सावधपणात शोधता येते.

‘कळणे’ याचे प्रयोजक रूप ‘कळविणे’. त्याच्या वाक्यात मात्र कर्ता येतो : ‘आमचे बातमीदार कळवितात’. ‘कळते’ आणि ‘कळवितात’ या दोन रूपांतील अंतर हे व्याकरणापुरते मर्यादित नसून जबाबदारीचेही आहे. पहिल्यात माहिती जणू आपोआप येते. दुसऱ्यात ती पाठविणारा माणूस उभा असतो.

जगातील काही भाषांत माहिती ऐकीव आहे की प्रत्यक्ष पाहिलेली आहे, हे क्रियापदाच्या प्रत्ययानेच दाखवावे लागते. तुर्की व केचुआ या भाषांची उदाहरणे या संदर्भात नेहमी दिली जातात. मराठीत तसा प्रत्यय नाही. पण ‘म्हणे’ हे अव्ययवत् रूप तेच कार्य करते (‘तो गावी गेला म्हणे’). बोलण्यात हे रूप तटस्थ असते. वृत्तपत्रांच्या स्फुटलेखनात मात्र त्याला उपरोधाची धार चढली. सरकारी खुलाशाच्या अखेरीस ‘म्हणे’ जोडले, की त्या खुलाशावर संपादकाचा विश्वास नाही, हे वेगळे सांगावे लागत नसे. बातमीसाठी ‘कळते’ आणि टीकेसाठी ‘म्हणे’ अशी एक अलिखित विभागणी त्यामुळे झालेली दिसते.

पूर्वपीठिका : मुद्रित वृत्तपत्रे येण्यापूर्वी मराठी मुलखात बातमीचे वहन पत्रांतून होत असे. मराठेशाहीत निरनिराळ्या दरबारी नेमलेले वकील व बातमीदार आपल्या धन्यांस नियमित पत्रे पाठवीत. ‘वर्तमान’ हा शब्द ‘घडत असलेली हकीकत’ या अर्थाने त्या पत्रांत सर्वत्र आढळतो आणि ‘वर्तमानपत्र’ या शब्दाचा उगमही त्यातच आहे. आलेल्या पत्राची पोच देताना पत्र पावले व त्यातील मजकूर कळला, असे लिहिण्याचा आणि पत्राच्या शेवटी ‘कळावे’ असे लिहिण्याचा प्रघात होता. या व्यवहारात पत्र लिहिणारा व वाचणारा हे दोघेही एकमेकांस ठाऊक असत. म्हणून ‘कळले’ हा शब्द कोणतीही गोष्ट लपवीत नव्हता. उलट तो पावतीचे काम करीत होता. मुद्रित वृत्तपत्राने हेच क्रियापद अनोळखी वाचकांपुढे ठेवले, तेव्हा पत्र पाठविणारा पडद्याआड गेला आणि फक्त ‘कळते’ शिल्लक राहिले.

युरोपातही क्रम बराचसा असाच होता. शेक्सपिअरच्या ‘मच अ‍ॅडू अबाउट नथिंग’ (मुद्रण १६००) या नाटकाच्या पहिल्याच वाक्यात पत्रावरून समजलेल्या बातमीसाठी ‘लर्न’ हे क्रियापद आले आहे. सतराव्या शतकातील इंग्रजी बातमीपत्रे परगावाहून आलेल्या पत्रांवरच चालत. पुढे वृत्तपत्रांचा व्याप वाढला, तशी ‘वुई हिअर’, ‘वुई लर्न’, ‘वुई अंडरस्टँड’, ‘इट इज सेड’ अशी ठरावीक पदावली तयार झाली. भारतात कलकत्ता येथे २९ जानेवारी १७८० रोजी निघालेले हिकीचे ‘बेंगॉल गॅझेट’ आणि त्यानंतर मुंबईत निघालेली ‘बाँबे हेरल्ड’ (१७८९), ‘बाँबे कुरिअर’ (१७९०) व ‘बाँबे गॅझेट’ (१७९१) ही पत्रे याच इंग्रजी परंपरेतील होती.

दर्पण व द्विभाषिक पत्रे : बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेले ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र मानले जाते. ते इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांत निघे आणि दोन्ही भाषांतील मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. आरंभी पाक्षिक असलेले हे पत्र त्याच वर्षी साप्ताहिक झाले व १८४० पर्यंत चालले. मराठी वृत्तपत्रीय गद्य हे अशा रीतीने जन्मतःच इंग्रजी वृत्तपत्रीय गद्याच्या शेजारी बसून घडले. एकाच बातमीला दोन भाषांत शब्द द्यावयाचे, तर ‘लर्न’, ‘हिअर’ व ‘अंडरस्टँड’ या क्रियापदांना मराठीत काय म्हणावयाचे, हा प्रश्न भाषांतरकारापुढे रोजचा होता. ‘शिकतो’ असे भाषांतर करणे शक्य नव्हते. ‘कळते’, ‘ऐकतो’ व ‘समजते’ ही तीन क्रियापदे अनुक्रमे त्या जागी बसली. ती मराठीत पूर्वीपासून होतीच. परंतु वाक्यारंभी ‘आम्हांस’ हे संपादकीय अनेकवचन आणि क्रियापदाचा वर्तमानकाळ ही ठेवण इंग्रजी शेजाराची असावी, असे मानण्यास जागा आहे.

जे. टी. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) व दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण (१८३६) हीही याच काळातील कामे होत. म्हणजे एकीकडे शब्दांचे अर्थ निश्चित केले जात असता दुसरीकडे वृत्तपत्रे त्याच शब्दांना नवे व्यवहार शिकवीत होती. ‘प्रभाकर’ (१८४१, भाऊ महाजन), अहमदनगर येथून निघालेले ‘ज्ञानोदय’ (१८४२), पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९) आणि ‘इंदुप्रकाश’ (१८६२) या पत्रांच्या काळात ही पदावली रूढ होत गेली. ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून गोपाळ हरि देशमुख यांची ‘शतपत्रे’ ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. टोपणनावाने लिहिणे आणि ‘कळते’ असे लिहिणे यांची गरज एकाच परिस्थितीतून निर्माण झाली : लिहिणारे व माहिती देणारे बहुधा सरकारी नोकरीत, संस्थानी चाकरीत किंवा जातिबंधनांत होते आणि नाव उघड होणे त्यांना परवडणारे नव्हते.

निश्चितीच्या पायऱ्या : जुन्या पत्रांच्या नियमित वाचकाला बातमीतील क्रियापदावरून तिचे वजन ओळखता येत असे. पूर्व विदर्भातील तलावांच्या मुलखातील एक काल्पनिक बातमी, ‘अमुक गावच्या तलावाची पाळ फुटली’, घेऊन या पायऱ्या पुढीलप्रमाणे दाखविता येतील. ‘पाळ फुटल्याची आवई उठली आहे’ किंवा ‘कंडी पिकली आहे’ यात संपादकाचा अविश्वास स्पष्ट आहे. ‘अशी बोलवा आहे’ किंवा ‘वदंता आहे’ यात तो तटस्थ राहतो. ‘असे ऐकतो’ यात बातमी एखाद्या माणसाकडून आली, पण तिची शहानिशा झालेली नाही. ‘असे समजते’ यात संपादकाने ती ग्राह्य मानली आहे. ‘असे कळते’ याचा रोख बातमी खरी असण्याकडे अधिक आहे. ‘खात्रीलायक कळते’ यात पडताळा घेतल्याचा दावा आहे. ‘आमचे बातमीदार कळवितात’ यात पत्राने आपला माणूस पुढे केला आहे. आणि ‘पाळ फुटली’ या साध्या विधानात संपूर्ण जबाबदारी पत्राची आहे.

या पायऱ्या कोणत्याही नियमावलीने घालून दिलेल्या नव्हत्या. ‘समजते’ व ‘कळते’ यांतील भेद तर पत्रागणिक कमीजास्त होई आणि काही संपादक ती दोन्ही समानार्थी वापरीत. तरीही एकंदर चढण वाचकांना परिचित होती. बातमी अपुरी असताना ती दाबून न ठेवता आणि तिला पुरेपणाचा आवही न आणता प्रसिद्ध करण्याची सोय यामुळे झाली. डाकेने येणारी माहिती कित्येक दिवस जुनी असण्याच्या त्या काळात ही सोय मोठी होती. पुढच्या अंकात ‘मागील अंकी दिलेले वर्तमान खोटे ठरले’ असे छापण्याची वाटही त्यामुळे मोकळी राहत असे.

कायद्याची दृष्टी : माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याची वृत्तपत्रांची पद्धती आणि छापणाऱ्याचे नाव उघड करावयास लावण्याचे राज्यकर्त्यांचे धोरण ही दोन्ही बरोबरीने वाढली. १८३५ च्या मेटकाफच्या कायद्याने मुद्रणस्वातंत्र्य दिले. तथापि मुद्रक व प्रकाशक यांनी आपले नाव-ठिकाण जाहीर करण्याची अट त्यात होती. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियमाने मुद्रक-प्रकाशकांची नावे छापणे बंधनकारक केले. (या अधिनियमाची जागा २०२३ च्या अधिनियमाने १ मार्च २०२४ पासून घेतली आहे.) यामुळे ‘कळते’ या शब्दामागील माणूस अज्ञात राहिला, तरी शब्द छापणारा नेहमीच हाताशी असे.

भारतीय दंड संहितेतील (१८६०) बदनामीच्या ४९९ व्या कलमात आरोप ‘करणे’ आणि ‘प्रसिद्ध करणे’ ही दोन्ही कृत्ये येतात. दुसऱ्याने केलेला आरोप आपण केवळ पुढे सांगितला, एवढ्याने सुटका होत नाही. सद्‌हेतू, सत्य व लोकहित यांसारख्या अपवादांत आपले लेखन बसते, हे आरोपीला दाखवावे लागते. ५०५ वे कलम तर विधान, अफवा किंवा वार्ता यांपैकी काहीही विशिष्ट हेतूने प्रसृत करणे यास शिक्षा सांगते ; १८९८ मध्ये त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. मजकूर खरा मानण्यास वाजवी कारण होते व तसा हेतू नव्हता, असे असल्यास त्यात अपवाद आहे. बोलवा, वदंता आणि वार्ता यांतील वृत्तपत्रीय पायऱ्या कायद्याने अशा प्रकारे एका ओळीत बसविल्या.

याचा प्रत्यय लवकरच आला. कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या वार्ता १८८१ च्या सुमारास पुण्यात येऊ लागल्या. राजवाड्यातील हकीकत बाहेर कळण्याचे उघड साधन नव्हते. ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झालेल्या ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर व ‘मराठा’ या इंग्रजी पत्राचे संपादक बाळ गंगाधर टिळक यांनी या प्रकरणी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर प्रसिद्ध केला. त्याला आधार म्हणून दाखविण्यात आलेली पत्रे बनावट असल्याचे बर्वे यांनी केलेल्या खटल्यात निष्पन्न झाले. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही १७ जुलै १८८२ रोजी दोघांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढल्यावर २६ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांची सुटका झाली. आगरकरांनी या अनुभवावर पुढे पुस्तक लिहिले. चौथे शिवाजी यांचा २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे बंदिवासात मृत्यू झाला.

या प्रकरणाने दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक म्हणजे, माहितीचा मूळ स्रोत खोटा ठरला, तर संपादकाचा सद्‌भाव व वाक्यरचनेतील सावधपणा त्याला शिक्षेपासून वाचवीत नाही. दुसरी म्हणजे, कागदपत्रे बनावट ठरली म्हणून ज्या परिस्थितीविषयी लोकांना काळजी वाटत होती ती परिस्थितीच खोटी होती, असे ठरत नाही. ‘कळते’ या क्रियापदाची उपयुक्तता व धोका ही दोन्ही या एकाच खटल्यात एकत्र आलेली दिसतात.

भाषाभेदाचाही येथे संबंध होता. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत मार्च १८७८ मध्ये झालेला देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. त्यामुळे एकच ऐकीव बातमी इंग्रजी पत्रात ‘वुई लर्न’ अशा शब्दांत छापली, तर ती या कायद्याच्या कक्षेबाहेर आणि मराठीत ‘आम्हांस कळते’ अशा शब्दांत छापली, तर कक्षेत, अशी स्थिती निर्माण झाली. हा कायदा लॉर्ड रिपनच्या काळात रद्द झाला.

सरकारी सारांश व भाषांतर : देशी पत्रांत काय छापून येते, हे सरकारला कळावे म्हणून त्यांतील मजकुराचे इंग्रजी सारांश एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नियमितपणे तयार केले जाऊ लागले. मुंबई इलाख्याचे असे साप्ताहिक अहवाल निघत. मध्य प्रांतातील देशी पत्रांचे उतारे काही काळ पंजाब, वायव्य प्रांत, अयोध्या व राजपुताना यांच्या बरोबरीने एकाच संग्रहात संकलित होत. ज्या पत्रांचे मूळ अंक आज उपलब्ध नाहीत, त्यांच्याविषयीची माहिती अभ्यासकांना पुष्कळदा या सारांशांतूनच मिळते. परंतु त्यांत बातमीचे वाक्य ‘अमुक पत्र म्हणते’ किंवा ‘अमुक पत्र तक्रार करते’ अशा चौकटीत बसविले जाई. मूळ लेखात ‘बोलवा आहे’ होते, ‘समजते’ होते की ‘कळते’ होते, हा भेद त्या चौकटीत टिकणे कठीण असे. संपादकाने साशंकतेने दिलेली बातमी सारांशात त्याचे ठाम प्रतिपादन म्हणून उतरण्याचा संभव होता. म्हणून या साधनांचा उपयोग करताना मूळ क्रियापद हाती नाही, याचे भान ठेवावे लागते.

भाषांतरातील हा प्रश्न न्यायालयांतही उपस्थित झाला. टिळकांवरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’तील लेखांची इंग्रजी भाषांतरे पुराव्यात होती. ती भाषांतरे मूळ मराठी शब्दांच्या छटा यथार्थपणे देत नाहीत, हा टिळकांच्या दीर्घ भाषणातील एक प्रमुख मुद्दा होता. न्यायमूर्ती दावर यांनी २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

तार व वृत्तसंस्था : तारायंत्राने ‘कळते’चे क्षेत्र आकुंचित केले. भारतात तारेची सेवा १८५५ पासून लोकांसाठी खुली झाली आणि १८६६ मध्ये रॉयटर वृत्तसंस्थेचे प्रतिनिधी हेन्री कॉलिन्स मुंबईत आले. तारेचे मूल्य शब्दांवर असल्याने ‘आम्हांस असे कळते की’ यासारखा प्रास्ताविक भाग परवडणारा नव्हता. स्थळ, तारीख व घटना एवढेच तारेत उरले. वृत्तपत्रांत ‘तारा’ या शीर्षकाचे स्वतंत्र स्तंभ निघू लागले आणि त्यांतील मजकुराला संस्थेचे नाव हाच आधार झाला. परिणामी एका अंकात दोन प्रकारचे गद्य शेजारी नांदू लागले : दूरदेशीच्या बातम्या ठाम व त्रोटक, तर शेजारच्या तालुक्याच्या बातम्या ‘कळते’ने भरलेल्या. लंडनची बातमी नि:शंक आणि नजीकच्या गावाची साशंक, असा हा विपरीत देखावा बातमीच्या सत्यतेपेक्षा तिच्या वाहनाशी निगडित होता. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्या ‘संदेश’ (१९१५) या दैनिकाने बातमीच्या मांडणीत चटकदारपणा आणला. ठळक मथळे आल्यावर वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘असे कळते’ला गौण स्थान मिळाले, कारण मथळ्यात ते मावत नाही. बातमी मथळ्यात निश्चित आणि मजकुरात संदिग्ध, ही आधुनिक वृत्तपत्रांतील विसंगती मथळ्यांच्या युगाबरोबर सुरू झाली.

जिल्हा वार्तापत्रांतील स्थान : ‘कळते’ सर्वांत अधिक काळ टिकले ते जिल्ह्याच्या व तालुक्याच्या बातम्यांत. गोंदिया जिल्ह्याचा प्रदेश हे याचे चांगले उदाहरण होय. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून निर्माण झाला. त्यापूर्वी हा भाग मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५६ नंतर द्वैभाषिक मुंबई राज्य व १९६० पासून महाराष्ट्र अशा प्रशासनांखाली होता. १८८० नंतरच्या दशकात नागपूरहून छत्तीसगढकडे जाणारा लोहमार्ग झाला व पुढे जबलपूरकडे जाणारा अरुंदमापी फाटा निघून गोंदिया हे महत्त्वाचे प्रस्थानक बनले. गोंदिया रेल्वेने नागपूरपासून सु. १३० किमी. आहे. त्यामुळे नागपूरची ‘महाराष्ट्र’ (१९१४, गोपाळराव ओगले), इंग्रजी ‘हितवाद’ (१९११) व पुढे ‘तरुण भारत’ (१९४४, ग. त्र्यं. माडखोलकर) ही पत्रे रेल्वेने इकडे पोहोचू शकत. बातमीचा उलट प्रवासही रेल्वे, डाक व तार यांवरच अवलंबून होता. मात्र लोहमार्गापासून दूर असलेल्या देवरीसारख्या जंगलपट्टीतील हकीकत स्थानकापर्यंत येण्यास माणसांच्या तोंडाचाच आधार होता. पाळ फुटणे, धानावरील रोग, तेंदूपानांचे व्यवहार, वन्य पशूंचा उपद्रव यांच्या बातम्या अशा मार्गाने येत आणि ‘कळते’ हे क्रियापद त्या मार्गाचे यथार्थ वर्णन करी.

येथील भाषास्थितीमुळे या क्रियापदाला आणखी एक पैलू आहे. जिल्ह्यात प्रमाण मराठीबरोबरच झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी व हिंदी बोलल्या जातात. झाडीबोलीत ‘ण’ व ‘ळ’ यांचे उच्चार प्रमाण मराठीप्रमाणे होत नाहीत. शिवाय विदर्भाच्या बोलण्यात ‘मला कळले’ऐवजी हिंदीच्या वळणाचे ‘मला माहीत पडले’ ही रचना सर्रास आढळते. त्यामुळे घरी ‘माहीत पडले’ म्हणणारा वार्ताहर वृत्तपत्रासाठी लिहिताना मात्र ‘कळते’ लिहितो. त्याच्या दृष्टीने ‘कळते’ हा बोलण्याचा नव्हे, तर छापील भाषेचा शब्द आहे. दर्पणकाळी इंग्रजीच्या शेजाराने वृत्तपत्रात स्थिरावलेले क्रियापद अशा प्रकारे दूरच्या तालुक्यात प्रमाण भाषेचे चिन्ह बनले.

या प्रदेशाच्या पूर्वेकडील तालुक्यांना १९८० नंतरच्या काळात नक्षलवादी चळवळीची झळ पोहोचली. अशा ठिकाणी माहिती देणाऱ्या ग्रामस्थाचे नाव छापणे त्याच्या जिवावर बेतू शकत असे. बातमी पोलिसांकडून आली किंवा गावकऱ्यांकडून आली, एवढे सूचित करणेही जोखमीचे ठरे. एकोणिसाव्या शतकात नोकरी राखण्यासाठी जे कवच लागत होते, ते येथे प्राणरक्षणासाठी लागले. अशा प्रसंगी ‘कळते’ हे टाळाटाळीचे नव्हे, तर कर्तव्याचे क्रियापद ठरते. मात्र त्यामागे वार्ताहराने पडताळा घेतलेला असला पाहिजे.

सद्यःस्थिती : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘कळते’ची जागा मोठ्या प्रमाणात ‘सूत्रांनी सांगितले’, ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ यांसारख्या रचनांनी घेतली. यांत स्रोत असल्याचे म्हटले जाते, परंतु तो ओळखता येत नाही ; म्हणजे व्याकरणात कर्ता परत आला, तरी माणूस परत आला नाही. स्रोत गुप्त ठेवण्यास कायद्याचे संरक्षण मर्यादित आहे. वृत्तपत्र परिषद अधिनियम, १९७८ याच्या १५ व्या कलमानुसार परिषदेपुढील कामकाजात पत्रकाराला स्रोत उघड करण्याची सक्ती करता येत नाही. न्यायालयांबाबत असे संरक्षण असावे, या दृष्टीने विधी आयोगाने आपल्या ९३ व्या अहवालात (१९८३) शिफारस केली होती. तथापि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही पत्रकारांना असा स्वतंत्र विशेषाधिकार नाही. त्याच दिवशी अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीची व अफवाविषयक तरतूद अनुक्रमे ३५६ व ३५३ या कलमांत कायम आहे.

भ्रमणध्वनीवरून क्षणार्धात पसरणाऱ्या संदेशांत तर ‘कळते’, ‘समजते’, ‘बोलवा आहे’ यांपैकी काहीच नसते. पाळ फुटल्याची ऐकीव वार्ता तेथे ‘पाळ फुटली’ अशा निखळ विधानाच्या रूपाने येते आणि तिचे वजन ठरविण्याचे साधन वाचकाच्या हाती राहत नाही. जुन्या संपादकांच्या क्रियापदांत संदिग्धता होती, हे खरे. पण ती संदिग्धता उघड होती आणि आपल्याला किती माहीत आहे व किती माहीत नाही, याची कबुली तीत होती. मराठी वृत्तपत्रीय गद्याच्या घडणीत ‘कळणे’ या क्रियापदाचे महत्त्व या कबुलीत आहे.